तीन दांड्या की काळी काच? ‘एंटरप्राइझ’च्या ट्रान्सपोर्टर पॅनलचा रिव्ह्यू

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेत ‘एंटरप्राइझ’ या अंतराळजहाजावर ट्रान्सपोर्टर आहे, माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणारं यंत्र. ते बघताना नजर जाते ती प्लॅटफॉर्मवर. सहा चकत्यांवर सहा जण उभे राहतात, अंगावर चकाकी चढते आणि माणसं दिसेनाशी होतात. समोरच्या पॅनलवर हात ठेवून उभा असलेला ऑपरेटर मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. खरं तर त्या पाच सेकंदांत सहा जणांचे जीव त्याच्या बोटांत असतात. म्हणून इथे फक्त त्याच्या पुढ्यातल्या पॅनलची तपासणी केली आहे. कसोट्या केमिकल प्लँटच्या कंट्रोल रूमला किंवा प्रेस शॉपच्या ऑपरेटर पॅनलला लावतात त्याच. डोळे प्लॅटफॉर्मवर ठेवून हात चालवता येतो का? काम कुठल्या टप्प्यावर आलंय ते कळतं का? ऑपरेटर चुकला तर पॅनल त्याला अडवतं का? आणि मध्येच थांबायची वेळ आली तर काय करायचं?

निकाल आधीच सांगतो. हाताळणीत १९६६चं, म्हणजे मूळ मालिकेतलं पॅनल आजही पहिलं. माहिती दाखवण्यात १९८७चं, म्हणजे ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेतलं कितीतरी पुढे. इंटरलॉकमध्ये, म्हणजे धोका असताना यंत्र चालूच न देणाऱ्या योजनेत, दोन्ही नापास, आणि या मालिकेतले निम्मे अपघात त्या एका विषयात नापास झाल्यामुळेच घडलेत.

ज्यांनी मूळ मालिका १९८०च्या दशकात दूरदर्शनवर पाहिली, त्यांना यंत्राची ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी थोडक्यात: दर आठवड्याला अख्खं जहाज नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं निर्मात्यांच्या खिशाला परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं थेट खाली ‘पाठवायची’ युक्ती निघाली. ती चकाकीही स्वस्तातलीच. काळ्या पडद्यासमोर ॲल्युमिनियमची पूड सोडायची, तिच्यावर जोरदार उजेड मारायचा आणि उलट्या धरलेल्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने टिपायचं. पैसे वाचवायला काढलेल्या या यंत्राला पुढे इतकं तपशीलवार तांत्रिक रूप मिळालं, की त्याच्या पॅनलवर असं तावातावाने लिहिता येतं.

पॅनलला काम काय?

कीर्तनात देव एका ओळीत अंतर्धान पावतात. इथे चार टप्पे लागतात. रिक स्टर्नबाख आणि मायकल ओकुडा यांच्या १९९१च्या तांत्रिक मॅन्युअलमध्ये क्रम दिलाय तो असा: आधी लक्ष्याचं स्कॅनिंग आणि निर्देशांक पक्के करणं, म्हणजे ‘लॉक’. मग माणसाचं विघटन. मग तो सगळा प्रवाह पॅटर्न बफर नावाच्या टाकीत काही क्षण धरून ठेवणं. शेवटी तो बाहेरच्या एमिटरमधून खाली सोडणं. बफर लागतो, कारण जहाज कक्षेत फिरत असतं, खालचा ग्रह स्वतःभोवती फिरत असतो, आणि दोघांच्या वेगातल्या फरकाची डॉप्लर दुरुस्ती करायला थोडी उसंत हवी असते. पल्ला ४०,००० किलोमीटर. बफरमध्ये पॅटर्न, म्हणजे विघटित माणसाचा आराखडा, शाबूत राहतो तो ४२० सेकंद, म्हणजे सात मिनिटं. त्यानंतर तो विरायला लागतो.

ही ४२०ची मर्यादा लक्षात असू द्या. पुढे तिच्याशी बरंच काम आहे.

थोडक्यात, ही एक बॅच प्रोसेस आहे. चार पायऱ्या, त्यातली दुसरी ओलांडली की मागचा रस्ता बंद, आणि तिसरीवर सात मिनिटांचा विसावा. पॅनलने ऑपरेटरला सतत एकच गोष्ट सांगायला हवी: माल आत्ता कुठे आहे? जमिनीवर, टाकीत, की वाटेत?

१९६६: तीन दांड्या

मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाच्या हाताखाली तयार झालेलं पहिलं पॅनल उभं, आटोपशीर आणि प्लॅटफॉर्मच्या बरोबर समोर आहे. वर रंगीत रेझिनची गोळीसारखी बटणं, आणि खरी करामत शेजारी शेजारी बसवलेल्या तीन स्लायडरची. ‘एनर्जाइझ’ हुकूम आला की मुख्य इंजिनिअर स्कॉटी किंवा लेफ्टनंट काइल बोटं दांड्यांवर ठेवतो आणि सावकाश वर सरकवतो. साउंड मिक्सरवर बसलेल्या माणसाला हा हात लगेच ओळखीचा वाटेल.

यात तीन गोष्टी फार चांगल्या जमल्यात. एक, दांडी जिथे आहे तिथेच प्रक्रिया आहे. वेगळा मीटर बघायला नको, दांडी अर्ध्यावर असेल तर काम अर्ध्यावर. दोन, हे सगळं न बघता कळतं. डोळे समोरच्या सहा माणसांवर ठेवायचे आणि बोटांनी अंदाज घ्यायचा. तीन, वेग ऑपरेटरच्या हातात. सिग्नल अडखळतोय असं वाटलं तर जरा थांबायचं, मागे घ्यायचं, पुन्हा पुढे न्यायचं. बटण असतं तर दाबलं की हात झटकून मोकळं. स्लायडरमध्ये माणूस शेवटपर्यंत कामात गुंतलेला राहतो. भर घाला यंत्राच्या आवाजाची. डोळे, बोटं आणि कान, तिन्ही वाटांनी एकच खबर येते. पॅनल बनवणाऱ्यांनी इतकं केलं तरी पुष्कळ झालं.

आता उणिवा. बटणांवर लेबलं नाहीत. नवा ऑपरेटर शिफ्टवर आला तर त्याने लाल गोळी दाबायची की पिवळी, हे स्कॉटीला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि स्कॉटी नेमका खाली ग्रहावर गेलेला असेल. तीन दांड्या तीन कशासाठी, त्या एकदम सरकवायच्या की एकामागून एक, एक मागे राहिली तर काय होतं, याचा पॅनलवर पत्ता नाही. किती जण टाकीत आहेत याचा आकडाही दिसत नाही.

या आंधळेपणाची किंमत पहिल्याच वर्षी मोजावी लागली. १९६६च्याच ‘द एनिमी विदिन’ या भागात एक कर्मचारी अंगाला पिवळी चुंबकीय खनिजधूळ लागलेल्या अवस्थेत वर येतो. यंत्रणेत काहीतरी बिनसतं. मग कॅप्टन कर्क वर येतो, त्याला गरगरतंय म्हणून स्कॉटी हात धरून त्याला बाहेर नेतो. खोली रिकामी. आणि रिकाम्या खोलीत, पॅनलवर कुणी नसताना, प्लॅटफॉर्म पुन्हा चालू होऊन दुसरा कर्क प्रकट होतो, तोही सगळा दुर्गुणी अर्धा भाग घेऊन.

गोष्ट म्हणून हा भाग उत्तम आहे. पॅनलच्या बाजूने बघितलं तर अंगावर काटा येतो. एक फेरी पूर्ण झाली असं ऑपरेटरला वाटलं आणि तो निघून गेला, पण टाकीत माल शिल्लक होता. ‘बफर रिकामा’ असा एक साधा हिरवा दिवा असता तर स्कॉटी जागचा हलला नसता. दुसरी फेरी ऑपरेटर हजर नसताना सुरू झाली, म्हणजे हजेरीचा इंटरलॉकही नाही. प्रेस मशीनवर दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय स्ट्रोक येत नाही. इथे जिवंत माणसं जोडली जातात आणि पॅनलसमोर कुणी उभं आहे की नाही हेसुद्धा तपासलं जात नाही. हूटर नाही, नोंद नाही. बिघाड कळला तो कुत्र्यासारखा एक प्राणी वर आणल्यावर त्याचे दोन झाले तेव्हा. तोवर खाली ग्रहावर अडकलेली सुलू या अधिकाऱ्याची तुकडी गारठत होती आणि त्यांच्यासाठी धाडलेले हीटरही दुभंगून निकामी होत होते.

१९७९: काचेची केबिन, तोंडी इशारा

पहिल्या चित्रपटात ऑपरेटरला काचेआडची केबिन मिळाली. कल्पना चांगली. विकिरणापासून बचाव होतो आणि खोलीतल्या गोंगाटापासून ऑपरेटर वेगळा राहतो. पण इथेच या मालिकेतला सगळ्यात भयानक अपघात होतो, आणि त्याचं कारण कंट्रोल रूममध्ये काम केलेल्या कुणालाही अर्ध्या मिनिटात सांगता येईल.

इंजिन विभागात ट्रान्सपोर्टरचा बिघाड आधी कळतो. तिथून ओरडून सांगतात, ट्रान्सपोर्टर लाल रेषेवर आहे, सुरू करू नका. केबिनमधून उत्तर येतं, उशीर झाला, माणसं निघाली आहेत. कर्क आणि स्कॉटी धावत येऊन पॅनल हातात घेतात, दुसऱ्या टोकाला सिग्नल वाढवायला सांगतात, पण दोन माणसं जातात.

बिघाड एका विभागात दिसतो आणि स्टार्टचं बटण दुसऱ्या विभागात चालू राहतं, हा घोळ आहे. यंत्र सुरू होण्याआधी ज्या अटी पूर्ण असाव्या लागतात त्यांना आपल्याकडे ‘परमिसिव्ह’ म्हणतात: तेलाचा दाब ठीक, गार्ड बंद, तापमान हद्दीत. यातली एक अट तुटली तरी स्टार्ट दाबून काही होत नाही. इथे सेन्सरचं मॉड्यूल सदोष आहे हे इंजिन विभागाला कळलं होतं, म्हणजे सिग्नल होता. तो फक्त वायरने पॅनलपर्यंत आणायचा राहिला. तोंडी इशाऱ्यावर सोडलेलं यंत्र कधी ना कधी माणूस खातंच.

१९८७: काळी काच

‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये सगळं बदललं. दांड्या, गोळ्या, दिवे गेले आणि काळ्या गुळगुळीत पृष्ठभागावर नारंगी, जांभळट, पीच रंगाच्या गोल कडांच्या पट्ट्या आल्या. मायकल ओकुडाच्या या रचनेला ‘एल-कार्स’ म्हणतात. यामागेही बचतच होती: खरे स्विच आणि दिवे बसवण्यापेक्षा पारदर्शक फिल्मवर छापून मागून उजेड सोडणं कितीतरी स्वस्त पडतं. टचस्क्रीन घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी टचस्क्रीन कशी दिसावी हे त्याने ठरवून टाकलं.

जुन्या पॅनलची आठवण त्याने जपली, हे विशेष. ट्रान्सपोर्टर पॅनलवर प्रकाशाच्या तीन उभ्या पट्ट्या आहेत, आणि ट्रान्सपोर्टरचा ऑपरेटर चीफ ओब्रायन ‘एनर्जाइझ’ म्हटल्यावर त्यांवरून बोटं वर ओढतो. दांडी गेली तरी तिची चाल उरली.

माहितीच्या बाबतीत हे पॅनल मागच्यापेक्षा दहा पायऱ्या वर आहे. कोण येतंय, अंगावर काय आहे, सोबत जंतू आहेत का, हत्यार आहे का, सगळं ऑपरेटरला दिसतं. १९९०च्या ‘द मोस्ट टॉइज’ भागातला प्रसंग बघा. डेटा नावाच्या यंत्रमानव अधिकाऱ्याला वर आणत असताना ओब्रायनला पॅनलवर दिसतं, की त्याच्या हातातलं शस्त्र चालवलं जातंय, गोळी सुटतेय त्या क्षणात अडकलंय. ओब्रायन ते वाटेतच निकामी करतो आणि मग डेटाला उभं करतो. माल टाकीत असताना त्यातली एकच वस्तू वेगळी काढून दुरुस्त करायची आणि बाकीचं तसंच पुढे न्यायचं. १९६६च्या पॅनलवर हे शक्यच नव्हतं. या एका प्रसंगासाठी पॅनलला पूर्ण गुण.

गुण कापायचे ते तीन ठिकाणी.

पहिलं, लेबलं. इथे ती आहेत, पण बरीचशी नुसते आकडे. बटणावर चार-पाच आकडी क्रमांक, आणि तो कशाचा हे ओब्रायनच्या डोक्यात. प्लँटमध्ये व्हॉल्व्हला टॅग नंबर असतो, पण त्याच्या शेजारी ‘फीड पंप’ असंही लिहिलेलं असतं.

दुसरं, रंग. औद्योगिक पडद्यांसाठी २०१५ साली आयएसए-१०१ हे मानक आलं. त्या पठडीत सगळं फिकट राखाडी ठेवतात आणि रंग राखून ठेवतात तो बिघाडासाठी. पडद्यावर लाल दिसलं की काहीतरी झालंय, नाहीतर सगळं आलबेल. एल-कार्सवर सगळंच कायम रंगीत. दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या रांगेत एक दिवा जरा जास्त लाल झाला तर कुणाच्या लक्षात येणार? दिसायला देखणं, चोवीस तास बघायला थकवणारं.

तिसरं आणि मोठं, बोटाला काही लागत नाही. पट्टीवर बोट कुठे आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणजे ऑपरेटरचे डोळे प्लॅटफॉर्मवरून खाली येतात. शिवाय तीन पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुट्या, हे नजरेला समजत नाही.

हे नुसतं कीस काढणं नाही, त्याचं खरं उदाहरण समुद्रावर आहे. २१ ऑगस्ट २०१७ला सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका एका टँकरला धडकली आणि १० नौसैनिक गेले. त्या जहाजावर थ्रॉटल टचस्क्रीनवर होते. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नियंत्रण देताना डाव्या आणि उजव्या इंजिनाचे थ्रॉटल एकमेकांपासून सुटे झाले. वेग कमी करायला गेलेल्याला वाटलं, दोन्ही एकत्र खाली येताहेत. प्रत्यक्षात एकाच बाजूचा आला आणि जहाज वळलं. चौकशीनंतर २०१९मध्ये नौदलाने पुन्हा हाताने धरायचे थ्रॉटल बसवायचं ठरवलं. दोन धातूच्या दांड्या असत्या तर एक पुढे, एक मागे हे तळव्यालाच कळलं असतं. ट्रान्सपोर्टरला तर तीन आहेत.

थांबवायचं कसं?

दोन्ही पिढ्यांच्या पॅनलवर आणीबाणीचं, पिवळ्या पाटीवरचं मशरूमच्या आकाराचं लाल बटण कुठे दिसत नाही. पहिल्या नजरेला ही घोडचूक वाटते. विचार केला की गंमत कळते: या यंत्राला तसं बटण लावताच येत नाही.

यंत्रांच्या विद्युत सुरक्षिततेचं आयईसी ६०२०४-१ हे मानक थांबण्याचे तीन प्रकार सांगतं. शून्य क्रमांकाचा प्रकार म्हणजे वीज तोडा. एक क्रमांकाचा म्हणजे नीट थांबवा आणि मग वीज तोडा. दोन क्रमांकाचा म्हणजे थांबवा, पण वीज चालू ठेवा. आणीबाणीच्या बटणाला पहिले दोनच प्रकार चालतात, तिसरा चालत नाही. आता ट्रान्सपोर्टरचं बघा. माणसं टाकीत आहेत आणि वीज तोडली, तर माणसं गेली. इथे सुरक्षित अवस्था नेमकी तिसऱ्या प्रकारातली आहे: सगळं थांबवा, पण बफरची वीज एक क्षणही जाऊ देऊ नका. म्हणजे या पॅनलला हवं आहे ‘धरून ठेव’ असं बटण, लाल सोडून दुसऱ्या रंगाचं, आणि त्याच्या शेजारी ४२०वरून खाली मोजणारं घड्याळ. इतक्या वर्षांत कुणाही ऑपरेटरच्या समोर ते ठळकपणे ठेवलेलं दिसत नाही.

स्कॉटीने ते स्वतःच्या हिकमतीने बनवलं, हा भाग वेगळा. १९९२च्या ‘रेलिक्स’मध्ये ‘जेनोलन’ हे जहाज कोसळलेलं आहे आणि मदत येणार नाही. स्कॉटी पुन्हा जोडण्याची उपक्रिया बंद करतो, फेज इंड्युसर एमिटरला जोडतो, बफरला निदान-चाचणीच्या चक्रात फिरत ठेवतो आणि स्वतः आत शिरतो. बाहेर येतो तो ७५ वर्षांनी, ०.००३ टक्क्यांहून कमी ऱ्हास होऊन. सोबतच्या फ्रँकलिनचा पॅटर्न मात्र ५३ टक्के गेलेला असतो. बायपास मारण्यात स्कॉटीचा हात कुणी धरू शकत नाही. पण ज्या यंत्रात निदान-चाचणी चालू असताना माणसं आत जाऊ शकतात, त्याच्या इंटरलॉकबद्दल काय बोलावं! याच भागाच्या शेवटी ढाल, म्हणजे संरक्षक ऊर्जाकवच, चालू असलेल्या जहाजातून दोघांना उचलून घेतात. मालिकेचाच नियम सांगतो की ढालीतून ट्रान्सपोर्ट होत नाही. लेखकांची डुलकी समजून सोडून द्या.

१९९३च्या ‘सेकंड चान्सेस’मध्ये हीच उणीव पुन्हा. ग्रहाच्या वादळी आवरणातून रायकर या अधिकाऱ्याला वर काढताना ऑपरेटर जोडीला दुसरा बीम लावतो, एकाने काम होतं, दुसरा बंद करतो. बंद केलेला बीम परावर्तित होऊन खाली जातो आणि ग्रहावर दुसरा रायकर आठ वर्षं एकटा राहतो. बीम ‘बंद’ केला म्हणजे तो रिकामा आहे, असं ऑपरेटरने गृहीत धरलं. १९६६मध्येही हेच झालं होतं. सत्तावीस वर्षांत पॅनलची काच बदलली, ‘आत काही उरलंय का’ हा दिवा आलाच नाही.

बाकीच्यांबद्दल फार लिहायला नको. २००१च्या मालिकेतलं, कथेच्या काळानुसार सगळ्यात जुनं यंत्र इतकं बेभरवशाचं आहे की कर्मचारी शक्यतो शटलने जातात. एकाला वादळात वर आणलं तर अंगात पानं आणि काटक्या रुतलेल्या. २००९च्या चित्रपटातलं पॅनल चकचकीत आहे, आणि त्यातला सगळ्यात चांगला प्रसंग हाताचाच: कर्क आणि सुलू आकाशातून पडताहेत, आपोआप लॉक लागत नाही, चेकॉव्ह धावत येऊन हाताने लॉक लावतो. तोच चेकॉव्ह थोड्या वेळाने स्पॉकच्या आईला गमावतो, कारण तिच्या पायाखालची जमीन लॉकपेक्षा आधी जाते.

घरी बांधायचं असेल तर

शाळेचं प्रदर्शन, नाटकाचा सेट किंवा निव्वळ हौस. माझी शिफारस मिश्र पॅनलची: दांड्या १९६६च्या, पडदा १९८७चा. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात.

दांड्यांसाठी १०० मिलिमीटर चालीचे तीन स्लाइड पोटेन्शिओमीटर घ्या, १० किलो-ओहम, ‘बी’ म्हणजे लिनिअर. दुकानदार मिक्सरचे ‘ए’ देईल, ते घेऊ नका. त्यांत बदल एका टोकाला गोळा होतो आणि अर्धी दांडी सरकवली तरी दिवे जेमतेम लागतात. तिन्ही आर्डुइनो ऊनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाच्या ए०, ए१, ए२ पिनांवर जोडा, वाचन ० ते १०२३ येतं. ते जागच्या जागी थरथरतं, म्हणून आठ वाचनांची सरासरी घ्या आणि ४पेक्षा कमी फरक सोडून द्या. दांडीची फट वर तोंड करून असल्याने धूळ थेट ट्रॅकवर पडते आणि काही महिन्यांत आकडे उड्या मारायला लागतात. फटीच्या दोन्ही कडांना आतून फेल्टची पट्टी चिकटवा.

प्रोग्रॅममध्ये दोन अटी घाला, त्या मूळ पॅनलमध्ये नाहीत. सुरुवात तेव्हाच, जेव्हा तिन्ही दांड्या २०च्या खाली असतील. आणि चालताना तिघींत १००पेक्षा जास्त अंतर पडलं तर पुढे जाणं थांबवून आहे तिथे धरून ठेवायचं. ‘मॅकेन’चा धडा इतक्या दोन ओळींत बसतो.

प्लॅटफॉर्मला सहा चकत्या, प्रत्येकीत २४ रंगीत एलईडी दिव्यांची डब्ल्यूएस२८१२बी रिंग. एकूण १४४ दिवे. पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी ६० मिलिॲम्पियर धरले तर साडेआठ ॲम्पियरच्या वर जातं, म्हणून ५ व्होल्ट १० ॲम्पियरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. ऊनोच्या ५ व्होल्ट पिनवरून दिवे चालवायला जाल तर बोर्ड गमवाल. पॉवरच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डेटाच्या तारेत ३३० ओहम, आणि एसएमपीएस व ऊनोची ग्राउंड एकत्र. ही तार विसरली तर दिवे वेडेवाकडे लुकलुकतात आणि माणूस प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो. शेवटच्या चकत्यांचा पांढरा पिवळट दिसला तर व्होल्टेज पडतंय, दुसऱ्या टोकानेही पुरवठा द्या.

पडद्याचं काम फ्लेक्सवाल्याकडेच होतं. बॅकलिट फिल्मवर छपाई, वर २ मिलिमीटर ॲक्रिलिक, खाली दुधी ॲक्रिलिक आणि मग एलईडी पट्टी. काळा रंग एकदा छापून भागत नाही, मागून उजेड मारला की तपकिरी दिसतो. दोन प्रती एकावर एक जुळवून लावा. मीटरला ६० दिव्यांच्या पट्टीत दोन दिव्यांमध्ये साधारण १७ मिलिमीटर अंतर असतं. दुधी पत्रा निदान २५ मिलिमीटर दूर ठेवा, नाहीतर प्रत्येक दिव्याचा ठिपका वेगळा दिसतो.

प्रकाशपट्ट्यांना खरा स्पर्श हवाच असेल तर एमपीआर१२१ ही स्पर्श ओळखणारी चिप घ्या. त्याला १२ वाहिन्या असतात, तीन पट्ट्यांना चार-चार बरोबर वाटून जातात. तांब्याची फॉइल पट्टीखाली सरळ लावू नका, उजेड अडतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चौकटीसारखी लावा. चालू करताना पॅनलवर हात ठेवू नका, कारण चिप तेव्हाची अवस्था ‘कोरी’ धरते. आणि पावसाळ्यात काचेवर ओल धरली की पट्ट्या आपोआप ‘एनर्जाइझ’ व्हायला लागतात, त्यामुळे स्पर्शाच्या मर्यादा जुलैत पुन्हा तपासा.

राहिलं ‘धरून ठेव’चं बटण. निळं घ्या, मोठं, दांड्यांच्या उजवीकडे, अंगठा सहज पोचेल इतकं जवळ. वर चार आकडी डिस्प्ले लावा, दाबल्याबरोबर ७:०० दिसून उलटी मोजणी सुरू होईल असा. हूटर मात्र ०:००ला ठेवू नका. ज्यावर ऑपरेटरला काही करता येत नाही त्याला अलार्म म्हणत नाहीत. तो २:००ला वाजू द्या.